सुप्रीम टीम

सुप्रीम टीम : न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात क्रॅक कोकेन विकणारी टोळी. साउथ जमैकातील बेझ्ली पार्क हाउसेस या सरकारी वसाहतीच्या परिसरात ती साधारणतः १९८० च्या दशकाच्या आरंभी उभी राहिली (या जमैकाचा कॅरिबियन बेटाशी संबंध नाही). केनेथ ‘सुप्रीम’ मॅकग्रिफ हा म्होरक्या. नात्यातला जेराल्ड ‘प्रिन्स’ मिलर दुय्यम.

म्होरक्याच्या टोपणनावावरून टोळीला नाव पडले, असे सर्रास सांगतात. ते खोटे नसले तरी अपुरे वाटते. सरकारी पक्षाच्या मते मूळ गट ‘फाइव्ह पर्सेंट नेशन’ या पंथाच्या किशोरवयीन अनुयायांचा होता. क्लॅरेन्स १३ एक्सने १९६४ मध्ये हार्लेममध्ये स्थापिलेल्या या पंथानुसार ८५ टक्के लोक अज्ञानी, १० टक्के सत्य जाणूनही ते दडवणारे, तर उरलेले ५ टक्के सत्य शिकवणारे. पंथाच्या ‘सुप्रीम मॅथेमॅटिक्स’मध्ये प्रत्येक अंकाला अर्थ असतो : १ ज्ञान, २ शहाणपण, ३ आकलन. टोपणनाव आणि टोळीचे नाव ही दोन्ही या परिभाषेतूनच आली असावीत. ‘बफेलो गॅल्स’ (१९८२) या गाण्यातील ‘वर्ल्ड्स फेमस सुप्रीम टीम’ ही रेडिओवरची डीजे जोडी वेगळी. नामसाम्यामुळे दोहोंची गल्लत होते.

गच्च्यांवर वॉकीटॉकी घेतलेले पहारेकरी आणि सांकेतिक बोली यांच्या आडोशाने धंदा चाले. १९८७ च्या सुमारास रोजची उलाढाल २ लाख डॉलरांवर गेली होती, असे सरकारी पक्ष सांगतो; खटला चालवणाऱ्या बाजूने आलेले असे आकडे जरा राखूनच घ्यावेत. मॅकग्रिफने १९८९ मध्ये गुन्हा कबूल केला व त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली. मिलर पुढे जन्मठेपेला गेला.

रॅप संगीतात टोळीचे नाव टिकले ते मुख्यतः क्वीन्सच्याच गायकांमुळे. नासच्या १९९४ च्या ‘इल्मॅटिक’ या अल्बममध्ये तिचा उल्लेख आहे. फिफ्टी सेंटच्या ‘घेटो कुराण’ या गाण्यात तर परिसरातील गुन्हेगारांची नावानिशी यादीच येते. सुटकेनंतर मॅकग्रिफ ‘क्राइम पार्टनर्स’ या चित्रपटाच्या निर्मितीत उतरला. त्याचा अमली पदार्थांचा पैसा ‘मर्डर इंक’ या ध्वनिमुद्रण कंपनीतून पांढरा केल्याचा आरोप कंपनीच्या चालकांवर झाला. २००५ मध्ये ते निर्दोष सुटले. मॅकग्रिफला मात्र २००७ मध्ये सुपारी देऊन खून करवल्याबद्दल जन्मठेप झाली. २०२२ मध्ये टोळीवर एक माहितीपट-मालिका आली. तिच्या दिग्दर्शकांत नासही होता.