देवदार, मोरपंखी आणि गेटवरचा दिवा
(आमच्या रोपवाटिकेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मे महिना संपता संपता दोन-तीन कुटुंबं सिमला-मनाली करून परत येतात आणि घरी जायच्या आधी आमच्या गेटवर गाडी थांबवतात. मागच्या सीटवर, अर्ध्या कापलेल्या पाण्याच्या बाटलीत, ओल्या फडक्यात मुळं गुंडाळलेलं बोटभर देवदाराचं रोप असतं. "हे आपल्याकडं जगंल का हो?" लातूरच्या अंगणात बहुतेक नाही जगणार, हे आम्ही तोंडावर सांगतो. मग नाराजी होते, आणि 'का' विचारलं जातं. गिऱ्हाइकांच्या गर्दीत हे नीट सांगणं होत नाही, म्हणून हा कागद.

पहिलं कारण सगळ्यांना माहीत आहे. देवदार हिमालयात साधारण 1500 ते 3200 मीटर उंचीवर वाढतो आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या आसपास असतो. त्यावर जास्त बोलायला नको. दुसरं कारण थर्मामीटरवर दिसत नाही. ते आहे रात्रीची लांबी.

सूचिपर्णी झाडं, म्हणजे देवदार, चीड (पाइन), स्प्रूस ही सुईसारख्या पानांची मंडळी, वाढ कधी थांबवायची आणि शेंड्यावर कळी बांधून हिवाळ्यासाठी कधी निजायचं हे बऱ्याच अंशी रात्रीवरून ठरवतात. थंडी पडेपर्यंत वाट बघत बसलं तर कोवळा शेंडा गारठून मरेल, म्हणून रात्र ठरावीक लांबीची झाली की रोप आधीच आवरायला घेतं. उत्तर स्वीडनच्या स्प्रूसचं बी दक्षिणेकडं नेऊन लावलं तर रोप भर उन्हाळ्यातच वाढ थांबवतं आणि ठेंगणं राहतं. त्याच्या गावी उन्हाळ्यात रात्र नावापुरतीच असते, त्यामुळं दक्षिणेतली साधी रात्रही त्याला हिवाळ्याची वर्दी वाटते. तिकडच्या रोपवाटिका याचा फायदा घेतात. उन्हाळ्यातच संध्याकाळी वाफ्यांवर काळे पडदे ओढतात, काही दिवस खोटी लांब रात्र करतात, आणि रोपं कळी बांधून टणक झाली की लागवडीला पाठवतात.

आता आपला हिशोब बघा. लातूरला जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सगळ्यात छोटा अकरा तासांचा. सिमल्याला हेच आकडे चौदा तासांच्या थोडं वर आणि दहा तासांच्या थोडं वर असतात. नॉर्वेतल्या ऑस्लोला तर उन्हाळ्यात पावणेएकोणीस तासांहून मोठा दिवस असतो आणि हिवाळ्यात सहा तासांचाही नसतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो असं आपण म्हणतो, ते अगदी बरोबर आहे. 21-22 डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत लातूरचा दिवस जेमतेम सहा-सात मिनिटांनी वाढलेला असतो. डोंगरातल्या रोपाला ज्या ठळक खुणांची सवय, त्या इथं पुसट होतात. कॅरिबियन पाइन अशा उष्ण भागात लावला की कधी कधी फांदीच फोडत नाही, नुसता कोल्ह्याच्या शेपटीसारखा सरळ वर जात राहतो. थांबायचं कधी, हे त्याला सांगणारं कोणी नसतं.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर आपल्या सोयाबीनकडं बघा. पेरणी लांबली की झाड ठेंगणं राहतं आणि तरी फुलावर येतं, हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. 1920 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवरूनच ही गोष्ट पकडली. सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरलं तरी ते जवळपास एकाच सुमारास फुलत होतं. पुढं 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी बांधावर धोतराला चिकटणाऱ्या गोखरूवर (काही गावांत याला लांडगा म्हणतात) दाखवलं की झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. दिवसा मधेच अंधार केला तर काही फरक पडत नाही. रात्री मधेच थोडा वेळ दिवा लावला तर सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पानात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं. लाल प्रकाशात ते जागं होतं, अंधारात हळूहळू निवतं. रोपाचं घड्याळ म्हणतात ते यावर चालतं.

हे आम्ही पुस्तकाआधी आमच्याच वाफ्यात शिकलो. गेटजवळ चोरीच्या भीतीनं हॅलोजन बसवला. त्या वर्षी दसऱ्याला शेवंतीच्या सगळ्या ओळी फुलल्या, गेटकडच्या दोन ओळी मात्र हिरव्यागार, कळीचा पत्ता नाही. आम्ही आधी खताला, मग माळीकाकांना, मग बियाणं देणाऱ्याला दोष देऊन झालो. शेवटी काकांनीच एका रात्री हात करून दाखवलं: "दिव्याचा उजेड जिथवर पडतोय तिथवरच हिरवं राहिलंय बघा." रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन पिकायला उशीर करतं, तेही याच कारणानं. शेवंतीत हा घोळ फुलावर दिसतो, सूचिपर्णीत शेंड्यावर. म्हणून रोप नेताना आम्ही विचारतो की तुमच्या अंगणात दिवा कोणत्या भिंतीला आहे. प्रश्न विचित्र वाटतो, पण उत्तर नीट द्या. दिवा खाली तोंड करून लावला, किंवा माणूस आला तरच पेटणारा बसवला, तरी पुरतं.

आता कार्बन डायऑक्साइड. कृषी पदवीला असलेल्या एका मुलानं मागं विचारलं होतं की हवेत हा वायू वाढतोय, मग पाइनची वाढ दुप्पट होईल का. वायू वाढतोय हे खरं. कारखानदारीपूर्वी तो दहा लाख भागांत 280 च्या आसपास होता, 1958 मध्ये हवाई बेटावर कीलिंग यांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा 315, आणि आता 420 च्या वर. पानाच्या दृष्टीनं हे अन्न आहे, त्यामुळं प्रयोगशाळेत सूचिपर्णी रोपं जास्त वायूत सुरुवातीला खरोखर जोमानं वाढतात. ज्वारी-उसाला याचा फारसा फायदा होत नाही, त्यांची अन्न करायची पद्धत वेगळी आहे.

पण जोम टिकतो का? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं 1996 ते 2010 अशी सलग वर्षं लॉबलॉली पाइनच्या उभ्या जंगलात नळ्यांनी जादा वायू सोडला, बाहेरच्या हवेपेक्षा 200 भाग जास्त. झाडं लवकर वयात आली, शंकू जास्त धरले. वाढ मात्र जमिनीतल्या नत्रावर आणि पाण्यावर अवलंबून राहिली. जिथं नत्र कमी तिथं फायदाही कमी. कुंडीत हे फार लवकर घडतं. सहा इंची कुंडीत मुळं गोल फिरायला लागली की पानात साखर साचते, तिला ठेवायला जागा नसते, आणि पान आपला वेग स्वतःहून कमी करतं. घड्याळाचं म्हणाल तर वायू जादा असताना कळी लवकर बांधली जाते की उशिरा, याची उत्तरं जातीनुसार बदलतात. रात्रीची लांबी मात्र कोणत्याही वायूनं बदलत नाही.

हे एवढं लिहायचं कारण म्हणजे वायूची नळकांडी आणि गोळ्या विकणारे लोक. एक जण आमच्याकडंही येऊन गेला. बंद काचघरात, थंड देशात, भाजीपाल्याला याचा उपयोग आहे. आपल्या शेडनेटमध्ये सोडलेला वायू वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या तुरीत जातो. तेच पैसे मोठ्या कुंडीवर आणि मातीवर घाला. इथली काळी माती चुनखडीची आणि बोअरचं पाणी जड, त्यामुळं सूचिपर्णीला लोह मिळत नाही आणि शेंडा पिवळा पडतो. आम्ही कोकोपीट, गांडूळखत आणि धुतलेली वाळू मिसळून देतो. त्यात काळी माती मिसळू नका. शक्य असेल तेव्हा पावसाचं पाणी साठवून घाला. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आपल्या शहरानं पाहिलं आहे, त्यामुळं रोज पाणी पिणारं झाड आम्ही कोणाच्या गळ्यात मारत नाही.

मग इथं लावायचं काय? मोरपंखी. लहानपणी विद्या म्हणून वहीत ठेवायचो तीच. तीसुद्धा सूचिपर्णीच आहे, आणि ऊन, चुनखडी, कमी पाणी बऱ्यापैकी सोसते. ख्रिसमस ट्री म्हणून मिळणारा अरोकेरिया खरा पाइन नाही, पण अर्ध्या सावलीत चांगला चालतो. तो बियापासून केलेलाच घ्या. बाजूच्या फांदीचं कलम स्वस्त मिळतं, पण ते जन्मभर आडवंच वाढतं. यातली कुक पाइन नावाची जात मोठी झाल्यावर विषुववृत्ताकडं कलते, म्हणजे आपल्याकडं दक्षिणेला, आणि हे 2017 मध्ये पाच खंडांतली झाडं मोजून नोंदवलं गेलं आहे. कललेलं झाड बघून आम्हाला फोन करणारे आहेत, म्हणून आधीच सांगितलं.

नाताळात त्याच्यावर आठवडाभर एलईडीची माळ सोडली तर हरकत नाही. फक्त होळीपर्यंत तशीच ठेवू नका.