कलमांचा इतिहास: मुळे फुटेपर्यंत काडी जगवायची कशी?

द्राक्ष, अंजीर, डाळिंब आणि ऑलिव्ह ही फळझाडे माणसाने सफरचंद-नासपतीच्या कितीतरी आधी लागवडीखाली आणली. याचे कारण चव नव्हे. या झाडांची पक्व काडी ओल्या मातीत खोचली की सहसा मुळे धरते. सफरचंदाची काडी तशी लागत नाही, आणि बी पेरले तर परपरागीभवनामुळे प्रत्येक रोपाचे फळ निराळे निघते. जॉर्डन खोऱ्यातल्या गिलगाल येथे सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची जळकी अंजिरे मिळाली. परागीभवनाशिवाय धरणाऱ्या या जातीची लागवड काड्यांनीच झाली असावी, असे २००६ मध्ये मांडले गेले. त्यावर वाद झाला, पण अंजिराची काडी किती सहज लागते हे पाहता कल्पना अशक्य वाटत नाही.

पेच एकच आहे. तोडलेल्या काडीची पाने पाणी बाहेर टाकत राहतात आणि ते आत घ्यायला मुळे नसतात. मुळे फुटायला साधारण तीन ते आठ आठवडे लागतात. तेवढ्यात काडी सुकते, आणि जास्त पाणी दिले तर कुजते.

यावरचा जुना आणि आजही सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे काडी तोडायचीच नाही. इ.स.पू. १६०च्या सुमारास रोमन लेखक केटोने भोक पाडलेल्या मडक्यातून किंवा टोपलीतून फांदी ओवून, माती भरून, मुळे फुटल्यावर खालून कापण्याची पद्धत नोंदवली आहे. आजची गुटी हीच, फक्त मडक्याच्या जागी प्लॅस्टिक आले. पेन्सिलीएवढ्या जाड, साधारण वर्षभराच्या फांदीवरची दोन-तीन सेंटिमीटर रुंद साल गोल काढायची, उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर खरवडायचा, भिजवून घट्ट पिळलेले शेवाळ बांधायचे आणि वर प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोके आवळायची. गुटी फसते ती बहुतेकदा खरवडण्यातल्या कंटाळ्यामुळे. तो थर राहिला तर वरची-खालची साल पुन्हा सांधली जाते आणि मुळे फुटतच नाहीत. साल काढल्याने नेमके काय होते, हे सतराव्या शतकात इटालियन शास्त्रज्ञ माल्पिगीच्या प्रयोगांतून दिसू लागले: कापाच्या वरच्या कडेला फुगवटा येतो, कारण पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरताना तिथे अडते. पाणी मात्र लाकडातून वर चढत राहते, म्हणून फांदी हिरवी राहते.

दुसरा उपाय उसन्या मुळांचा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष यांच्या फांद्या शेण लावून रोपाव्यात, त्याही मुळे तोडलेल्या बुंध्यावर किंवा खोडावर, असे सांगितले आहे. फणसाची नुसती काडी सहसा लागत नाही, त्यामुळे इथे कलमच अभिप्रेत असावे. कलम सांधते ते साल आणि लाकूड यांच्यामधल्या पातळ वाढीच्या थरामुळे. खुंट (खालचे मुळांचे झाड) आणि कलमकाडी (त्यावर बसवायची काडी) यांचे हे थर निदान एका बाजूने जुळले पाहिजेत. काडी बारीक असेल तर ती मधोमध न बसवता एका कडेला सरकवतात, ती याचसाठी. केळी, नारळ यांच्यात असा थर नसतो, म्हणून त्यांची कलमे होत नाहीत.

खुंटाचे खरे मोल एकोणिसाव्या शतकात कळले. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा किडीने फ्रान्समधल्या द्राक्षवेलींची मुळे पोखरली. ही कीड सोसणाऱ्या अमेरिकी वेलींच्या खुंटांवर जुन्या जाती बांधल्या, तेव्हाच त्या वाचल्या.

नुसती काडी लावण्याच्या पद्धतीत मोठी सुधारणा व्हायला विसावे शतक उजाडले. डच शास्त्रज्ञ वेंटने ऑक्झिन, म्हणजे झाडाची वाढ घडवणारे संजीवक, वेगळे काढल्यावर १९३५ मध्ये झिमरमन आणि विलकॉक्सन या संशोधकांनी आयबीए आणि एनएए ही कृत्रिम संजीवके मुळे फोडतात हे दाखवले. आयबीए पाण्यात नीट विरघळत नाही. एक ग्रॅम आयबीए अर्धा लिटर अल्कोहोलमध्ये विरघळवून पाण्याने एक लिटर केले की १,००० पीपीएमचे (दशलक्षात हजार भाग) द्रावण होते. कोवळ्या काडीला ५०० ते १,००० पुरते, जुनाट काडीला २,००० ते ३,००० लागते. काडीचे बूड पाच सेकंदच बुडवायचे. जास्त ताकदीच्या द्रावणात बूड काळे पडते आणि डोळे फुटायला उशीर होतो. १९५०च्या दशकात पाने सतत ओली ठेवणारी तुषार फवारणी रूढ झाली आणि पानांसकट कोवळ्या काड्या लावणे सोपे झाले. संजीवकाचा गवगवा अधिक झाला असला तरी रोपवाटिकेचे गणित बदलण्यात फवाऱ्याचा वाटा कमी नाही.

काडीबरोबर रोगही पुढच्या पिढीत जातो. बियांतून बरेच विषाणू उतरत नाहीत, काडीतून आणि कंदातून जवळजवळ सगळे उतरतात. १९५२ मध्ये मोरेल आणि मार्टिन या फ्रेंच शास्त्रज्ञांनी विषाणूग्रस्त डेलियाच्या शेंड्याचा अगदी सूक्ष्म भाग वाढवून निरोगी झाडे मिळवली. त्या टोकाला वाहिन्या पोचलेल्या नसतात आणि विषाणूही क्वचितच असतो. १९६२च्या मुराशिगे-स्कूग या पोषक माध्यमानंतर ऊतीसंवर्धन, म्हणजे असे सूक्ष्म तुकडे बाटलीत वाढवून रोपे करणे, व्यापारी झाले. मात्र तुकडा जितका लहान तितका तो निरोगी असण्याची शक्यता जास्त आणि जगण्याची कमी. शिवाय एकाच तुकड्यापासून फार वेळा गुणन केले तर केळीत विचित्र पानांची, खुजी रोपे निघू लागतात, म्हणून ठरावीक फेऱ्यांनंतर नवा मातृकंद घ्यावा लागतो.