टेरिटोरियल आर्मी की होमगार्ड: काळ्या कोटासोबत कोणती वर्दी?

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर चहा घेताना एका ज्युनिअरने विचारलं, "सर, वकिली चालू ठेवून टेरिटोरियल आर्मीत जाता येतं का?" मी बोलायच्या आत शेजारचा म्हणाला, "म्हणजे होमगार्डच ना!" ही गल्लत नेहमीची आहे. दोन्हीकडे माणूस पोटापाण्याचं काम सांभाळून वर्दी चढवतो, एवढंच साम्य.

होमगार्ड पोलिसांच्या मदतीला. डिसेंबर १९४६ मध्ये, दंगलींच्या काळात मुंबईत ही संघटना उभी राहिली. १९४७ मध्ये तिचा कायदा झाला. नवरात्रात टेंभी नाक्याच्या गर्दीत बंदोबस्ताला खाकीतला जो माणूस दिसतो, तो पुष्कळदा होमगार्ड असतो. कामावर बोलावलं की तेवढ्यापुरते पोलिसाचे अधिकार आणि दिवसाच्या हिशेबाने मानधन.

टेरिटोरियल आर्मी हा लष्कराचाच भाग. कायदा १९४८ चा, उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ चं, राजगोपालाचारींच्या हस्ते. अधिकारी व्हायला पदवी, १८ ते ४२ वय आणि स्वतःची कमाई लागते, कारण ही कायमची नोकरी नव्हेच. दरवर्षी प्रशिक्षण असतं, गरज पडली की बोलावणं येतं आणि ड्युटीवर असताना आर्मी ॲक्ट लागू होतो. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत या पलटणी होत्या. त्यांना "होमगार्डसारखं" म्हटलेलं मला खरंच लागतं.

वकिलीच्या सनदेचं, म्हणजे परवान्याचं काय? बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर त्याला वकिली थांबवावी लागते. म्हणून नियमित लष्करात गेलेला वकील कोर्टात उभा राहू शकत नाही. आमदार-खासदारांना मात्र वकिली करता येते, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. आणि खासदाराने लाभाचं पद, म्हणजे सरकारकडून फायदा मिळणारं पद घेतलं तर खासदारकी जाते, पण १९५९ च्या कायद्याने त्यातून टेरिटोरियल आर्मी आणि होमगार्ड या दोघांनाही वगळलंय. २०१२ मध्ये सचिन पायलट केंद्रात मंत्री असतानाच टेरिटोरियल आर्मीत लेफ्टनंट झाले, ते म्हणूनच शक्य झालं.

वकील, लोकप्रतिनिधी आणि सैनिक हे तिन्ही एकाच माणसात पाहायचे तर मला अमेरिकेचे एडवर्ड बेकर आठवतात. लिंकनचे इतके जवळचे मित्र की लिंकनने मुलाला त्यांचं नाव दिलं. यादवी युद्ध पेटल्यावर त्यांनी स्वयंसेवकांची पलटण उभारली. ब्रिगेडियर जनरलचं पद घेतलं तर सेनेटची जागा सोडावी लागेल, म्हणून ते नाकारलं आणि कर्नल राहिले. २१ ऑक्टोबर १८६१ ला बॉल्स ब्लफच्या लढाईत ते पडले. पदावर असताना लढाईत मारले गेलेले ते अमेरिकेचे एकमेव सेनेटर.

ज्युनिअरला मी म्हटलं, अर्ज जरूर भर. फक्त बोलावणं लांबलं तर तुझ्या तारखा कोण सांभाळणार, ते आधी ठरव. त्याचं वय एकोणतीस आहे, म्हणजे वेळ आहे.