क्लाउडवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला? नाही!

‘फोटो क्लाउडवर आहेत, आता फोनमधून उडवले तरी चालतील’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि दर वेळी काळजात धस्स होतं. क्लाउड म्हणजे कुठल्यातरी इमारतीतला दुसऱ्याचा कॉम्प्युटर. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएचक्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत खाक झालं. ज्यांनी वेगळी प्रत ठेवली नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला.

घरी रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवर नेक्स्टक्लाउड, म्हणजे स्वतःचं क्लाउड चालवायचं सॉफ्टवेअर, बसवणाऱ्यांचाही हाच गैरसमज असतो. ते फायली सिंक करतं, म्हणजे दोन्हीकडे आपोआप सारख्या ठेवतं. सिंक म्हणजे आरसा. लॅपटॉपच्या सिंक फोल्डरमधून लग्नाचा अल्बम उडवा, थोड्याच वेळात तो सर्व्हरवरून, म्हणजे त्या रास्पबेरी पायवरूनही जातो. नेक्स्टक्लाउडच्या कचरापेटीत सापडतो खरा, पण मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवसांनंतर जागा कमी पडली की तिथूनही पुसला जातो. दोन डिस्कचं मिररिंग केलंत, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच साठवलंत, तर एक डिस्क बिघडली तरी निभावेल. चुकून डिलीट केलेलं मात्र दोन्हीकडून जाईल.

म्हणून रोज रात्री वेगळ्या डिस्कवर जुन्या आवृत्त्यांसकट प्रत काढा. आणखी एक प्रत घराबाहेर ठेवा, अगदी मावशीच्या कपाटातसुद्धा. आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतला एखादा फोटो परत आणून उघडतोय का, तेही बघा.