आयर्विनला किती फूट? सांगली शहरामागची गोष्ट

सांगली बघायला कुणी आलं की मी आधी आयर्विन पुलावर नेतो, मग गणपतीला. १९२९ चा पूल, नाव त्या वेळच्या व्हाइसरॉयचं, आणि कृष्णेची पातळी इथंच मोजतात त्यामुळं पावसाळ्यात गावभर एकच प्रश्न, "आयर्विनला किती फूट?" ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं.

शहर नदीला इतकं चिकटून कसं, तर ते तसंच वसवलंय. १८०१ च्या आधी सांगली म्हणजे मिरज जहागिरीतलं लहानसं गाव. पटवर्धनांच्यात काका-पुतण्याचं बिनसलं, वाटण्या झाल्या आणि चिंतामणराव अप्पासाहेबांनी मिरज सोडून इथं कृष्णाकाठी राजधानी केली. गणेशदुर्ग, पेठा, बाजार सगळं त्यानंतरचं. गणपती मंदिराचं काम १८११ ला सुरू झालं आणि पुरं झालं १८४४ ला, म्हणजे ३३ वर्षं. काळ्या दगडाचं ते देऊळ बघताना एवढं लक्षात ठेवा, की गाव आणि देऊळ बरोबरच वाढत होतं.

देवळाचं काम चालू असतानाच इथं मराठी नाटक जन्मलं. अप्पासाहेबांनी कानडी भागवत मंडळींचे खेळ बघितले, असं काहीतरी मराठीत हवं म्हणून आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं आणि ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीता स्वयंवर' चा प्रयोग झाला. म्हणून तो दिवस मराठी रंगभूमी दिन. आजही त्या तारखेला सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या नावाचं गौरवपदक देतात, त्या सुमारास यायला जमलं तर जरूर या.

पण माझा जीव खरा अडकलाय तो सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांत. कृष्णा-वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचं देऊळ, आणि तिथली माती इतकी घट्ट की जमिनीत २०-२५ फूट खोल गोल खड्डा खणला तरी ढासळत नाही. वर माणूस जेमतेम उतरेल एवढंच तोंड, आतून सारवायचं, पाल्याचा थर द्यायचा, हळद भरायची आणि तोंड बंद. आत हवाच नाही म्हणून कीड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची आणि भाव आला की पेव उघडायचं. उघडल्या उघडल्या मात्र कुणी आत जायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर अजून थांबायचं. सांगली हळदीची पेठ म्हणून देशभर नावाजली त्यात या खड्ड्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला पहिल्यांदा हे पेवच आठवलं.

२००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं. हळद गेली, कित्येक पेवं कायमची गेली, आणि व्यापारी गोदामांकडं, कोल्ड स्टोरेजकडं वळले. मला याचं अजून वाईट वाटतं, कारण माती, नदी आणि धंदा यांचं इतकं नेमकं जुळलेलं गणित परत बसवता येत नाही.

मग ऑगस्ट २०१९. आयर्विनला साडेसत्तावन फुटांच्या आसपास पाणी, मारुती चौक, टिळक चौक, गणपती पेठ सगळं पाण्यात, आणि पाणी उतरल्यावर तेच बाजार चिखल काढून, शटर धुऊन त्याच जागी परत उघडले. आज गणपती पेठेत मसाल्याचा वास आहे, मारुती रोडला संध्याकाळी पाय ठेवायला जागा नाही, भडंग घ्यायला गर्दी. भडंग बांधून होईस्तोवर तिथल्या जुन्या दुकानदाराला फक्त विचारा, "काका, एकोणीसला पाणी कुठवर होतं?" ते काही बोलायच्या आधी हात वर करून भिंतीवर दाखवतील.