पार्श्वभूमी : दिव्यांग मुलं, आयटी आणि आधी गेलेल्यांची वाट

कोल्हापुरात शिक्षणाचा इतिहास सांगायचा तर सुरुवात वसतिगृहापासून करावी लागते. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मागोमाग इतर समाजांची बोर्डिंगं निघाली आणि खेड्यातल्या पोराला शहरात राहून शिकायची सोय झाली. ज्यांना त्या पायऱ्याच चढता येत नव्हत्या, त्यांच्या सोयीची गोष्ट मात्र बरीच नंतरची. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली. उचगावचं ‘घरौंदा’ वसतिगृह याच संस्थेचं.

ऐन उमेदीत नसीमा यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. त्या खचल्या असताना त्यांना उभारी दिली बाबूकाका दिवाण यांनी, आणि तेही चाकाच्या खुर्चीवरच होते. धीर काय, घरचेही देतात, शेजारीपाजारीही देतात. पण त्याच खुर्चीतून जग पाहिलेला माणूस बोलतो, तेव्हा ऐकणारा वाद घालत नाही. मेंटॉरिंग, म्हणजे आधी त्या वाटेनं गेलेल्यानं मागून येणाऱ्याला वाट दाखवणं, हा शब्द इथं रुळायच्या कितीतरी आधी ती गोष्ट कोल्हापुरात घडून गेली होती.

तेव्हा अपंगांची कामंही ठरलेली असत (‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी कागदावर अलीकडे आला). अंध असेल तर खुर्च्या विणणं, मेणबत्त्या करणं, फार तर टेलिफोन ऑपरेटर. पुढे एसटीडी बूथ आले. मोबाइलनं तेही गिळले. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यानं ३ टक्के आरक्षण दिलं, पण ते सरकारी नोकरीतलं.

संगणकानं दार उघडलं, तेही अर्धवटच. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं जॉज हे सॉफ्टवेअर (अशांना स्क्रीन रीडर म्हणतात) १९९५ मध्ये विंडोजवर आलं, पण त्याची किंमत सामान्य घराला झेपणारी नव्हती. २००६ मध्ये मायकेल करन आणि जेम्स टे या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी एनव्हीडीए या तशाच स्क्रीन रीडरवर काम सुरू केलं आणि तो फुकट वाटला. तरी मराठीचं दुखणं उरलंच. आपल्याकडचा मजकूर वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टमध्ये टाइप होत आला. डोळ्यांना ‘क’ दिसायचा, फाइलमध्ये मात्र भलतंच रोमन चिन्ह असायचं, आणि स्क्रीन रीडर तेच बडबडायचा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळेपर्यंत अंध मुलाला स्वतःच्या भाषेतली नोटीससुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागे. माझ्या मते पैशाच्या अडचणीपेक्षा या अडचणीनं जास्त वर्षं खाल्ली, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

त्यात दहावीनंतरचा ठरलेला सल्ला : ‘आर्ट्स घे.’ आकृत्या कशा काढणार, प्रॅक्टिकल कोण करून घेणार, या काळजीपोटी गणित सुटायचं आणि इंजिनिअरिंगचा रस्ता तिथंच बंद व्हायचा.

या पेचावर अमेरिकेत सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठानं १९९२ मध्ये एक तोडगा काढला. ‘डू-इट’ या उपक्रमात दिव्यांग शाळकरी मुलांच्या हाती संगणक दिले आणि विज्ञान-तंत्रज्ञानातल्या मोठ्या माणसांशी त्यांची ईमेलवर गाठ घालून दिली. त्या मार्गदर्शकांपैकी अनेक जण स्वतः दिव्यांग होते. भारतात शांती राघवन यांनी भावाची दृष्टी गेल्यावर आलेल्या अनुभवातून, पतीसोबत, १९९९ मध्ये बेंगळुरूला दिव्यांगांना नोकरीसाठी तयार करणारी ‘एनेबल इंडिया’ ही संस्था उभी केली.

कोल्हापूरच्या मुलाला आयटी म्हणजे बहुधा पुणं, हिंजवडी. कोडिंगचे धडे यूट्यूबवरही मिळतात. मिळत नाही ती आतली माहिती : ऑनलाइन चाचणीत स्क्रीन रीडर चालतो का, जादा वेळ कधी आणि कुणाकडे मागायचा, व्हीलचेअर आहे हे अर्जातच लिहायचं की मुलाखतीला बोलावल्यावर सांगायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, सरकारी नोकरीत ४ आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा ठेवल्या. खासगी कंपनीला असा कोटा नाही. मात्र त्याच कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं आणि त्यासाठी एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. मुलाखतीला निघण्याआधी त्या अधिकाऱ्याचं नाव शोधून ठेव, हे सांगायला आधी जाऊन आलेलाच कुणीतरी लागतो.