स्लॅब ओलांडला की पगार घटतो? आलेख काढून पाहू

पगारवाढीच्या दिवसांत एक सल्ला हमखास फिरतो: "जपून, वरच्या स्लॅबमध्ये गेलात तर हातात उलट कमी पडेल." चांगली शिकलेली माणसंही तो पुढे पाठवतात. अकरावी-बारावीत फलन आणि त्याचा आलेख शिकताना "याचा उपयोग काय?" असं विचारलं जातं. माझ्या मते याचं सर्वांत चांगलं उत्तर प्राप्तिकराच्या तक्त्यात आहे.

फलन म्हणजे असा नियम, जो दिलेल्या प्रत्येक संख्येसाठी एक आणि एकच उत्तर देतो. करपात्र उत्पन्न 'उ' दिलं की कर क(उ) ठरतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत दर शून्य, मग प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. हे एकच फलन आहे, फक्त त्याचं सूत्र तुकड्यातुकड्यांनी लिहावं लागतं. ४ ते ८ लाखांत क(उ) = ०.०५ × (उ − ४ लाख). ८ ते १२ लाखांत क(उ) = २०,००० + ०.१० × (उ − ८ लाख).

आता ८ लाख ही किंमत दोन्ही सूत्रांत घालून पाहा. दोन्हीकडे २०,००० च येतात. म्हणजे आलेखाचे तुकडे टोकाला टोक लावून जुळलेले आहेत. फलन तिथे संतत आहे. सांध्यावर बदलतो तो रेषेचा चढ, उंची नाही. नवा दर फक्त टप्प्याच्या वरच्या रुपयांना लागतो, खालच्या रुपयांना नाही. नुसत्या स्लॅबनुसार कराच्या रेषेचा चढ जास्तीत जास्त ०.३०, म्हणून कर वजा जाता उरणाऱ्या रकमेचा चढ किमान ०.७०. तो धन आहे, म्हणजे उत्पन्न वाढलं की उरणारी रक्कम वाढतेच. फिरणारा सल्ला इथे साफ चुकतो.

पण या आलेखात एक जागा खरोखर वेगळी आहे, आणि मला ती फार आवडते.

'१२ लाखांपर्यंत कर नाही' या बातमीवरून अनेकांना वाटलं की शून्याचा स्लॅबच १२ लाखांपर्यंत लांबला. तसं नाही. स्लॅबनुसार १२ लाखांवर ६०,००० रुपये कर होतोच. तो कलम ८७अ खालच्या सवलतीने माफ होतो. ही सवलत १२ लाखांवर एकदम संपली असती, तर एका रुपयाने आलेख शून्यावरून थेट ६०,००० वर उडाला असता. याला उडीची असंततता म्हणतात. तसं झालं असतं, तर छोटी पगारवाढ नाकारणं शहाणपणाचं ठरलं असतं.

ही उडी टाळायला कायद्यात 'मार्जिनल रिलीफ' आहे: १२ लाखांच्या वर जितकी रक्कम असेल, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. वरची रक्कम 'व' धरू. एका रेषेची उंची व, दुसरीची ६०,००० + ०.१५व. दोन्हींपैकी जी खाली असेल ती आपला कर. पहिली रेषा शून्यापासून निघते पण तिचा चढ १ आहे, म्हणजे अगदी खडा. दुसरी ६०,००० वर सुरू होते पण सावकाश चढते. त्या कुठे छेदतात? व = ६०,००० + ०.१५व, म्हणून ०.८५व = ६०,००० आणि व ≈ ७०,५८८. १२,७०,५८८ पर्यंत पहिली रेषा चालते, पुढे दुसरी. उडीच्या जागी खडा पण अखंड चढ आला.

या पट्ट्यात उरणाऱ्या रकमेचा चढ १ − १ = ०, आलेख सपाट. शिवाय करावर ४ टक्के उपकर (सेस) येतो, म्हणजे कराचा अख्खा आलेख उभ्या दिशेने १.०४ पट ताणला जातो. कराचा चढ १.०४ झाला की उरणाऱ्या रकमेचा चढ −०.०४ होतो. १२,७०,५८८ रुपयांवर उपकरासह कर सुमारे ७३,४१२, हातात ११,९७,१७६. बरोबर १२ लाखवाल्यापेक्षा २,८२४ रुपये कमी. पुढे आलेख पुन्हा चढतो आणि १२,७३,९०० च्या थोडं पुढे १२ लाखांची पातळी गाठतो. ५० लाखांपर्यंतच्या उत्पन्नात घट आहे ती एवढ्याच अरुंद पट्ट्यात. तिचं कारणही स्लॅब नव्हे, सवलतीचं संपणं.

नोकरदारांसाठी ही करमाफीची मर्यादा १२,७५,००० कशी होते? पगार 'प' मधून ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन (ठरावीक वजावट) वजा होते, म्हणून कर क(प − ७५,०००). वजाबाकी आहे म्हणून आलेख डावीकडे सरकेल असं विद्यार्थ्यांना वाटतं, पण तो उजवीकडे सरकतो. कंसात १२ लाख यायचे तर प ला १२.७५ लाख व्हावं लागतं. पूर्वी १२ वर घडणारं सगळं आता ७५,००० पुढे घडतं. मात्र हीच वजाबाकी कंसाबाहेर, क(प) − ७५,००० अशी केली तर आलेख खाली सरकेल. ३० लाख पगारावर कंसातल्या वजाबाकीने उपकरासह २३,४०० रुपये वाचतात. कंसाबाहेर पूर्ण ७५,००० वाचले असते. वजावट आणि सवलत यांतला फरक तो हाच.

शेवटी व्यस्त फलन. कर कळला तर उत्पन्न काढता येईल का? ६०,००० च्या पुढे येईल, कारण तिथे प्रत्येक उंचीवर आडवी रेषा आलेखाला एकदाच छेदते. ६०,००० च्या आतही येईल, कारण सवलतीमुळे शून्य आणि ६०,००० यांमधले आकडे फक्त त्या खड्या रेषेवर येतात. शून्यावर मात्र नाही: शून्यापासून १२ लाखांपर्यंतच्या साऱ्या उत्पन्नांचं उत्तर एकच. शून्य कर भरणाऱ्याचं उत्पन्न करावरून कळत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर कर शून्य असूनही विवरणपत्र भरावं लागतं.